गाडी माझी, मग स्क्रू कुणाचा?

पोस्ट मोठी आहे. पण ज्यांच्या गाडीत २०२१ चं पाणी शिरलं होतं त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा. आणि त्यानंतर ज्यांनी चिपळुणात किंवा आसपास जुनी गाडी विकत घेतली, त्यांनी तर वाचाच.

गेल्या दोन रविवारी मी माझ्या गाडीच्या पुढच्या दोन्ही सीट काढल्या. स्वतः काढल्या. सीटचे आठ बोल्ट, मधल्या कन्सोलचे सहा स्क्रू, दाराखालच्या प्लास्टिकच्या पट्ट्या आणि शेवटी कार्पेट. बोटं सोलली, एक स्क्रूड्रायव्हर वाकला, बायकोची बोलणी खाल्ली. पण कार्पेट उचललं आणि खाली जे दिसलं, त्यावरून ही पोस्ट लिहितोय.

आधी मागचं सांगतो. २२ जुलै २०२१. त्या दिवसाबद्दल चिपळूणकरांना मी काही सांगायला नको. गाडी बिल्डिंगखाली उभी होती, पाणी सीटच्या गादीच्या वर गेलं. पाणी ओसरल्यावर काही दिवसांनी गाडी ओढत कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेली. नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की चर्चा त्या नावावरच होते आणि मुद्दा बाजूला राहतो. दीड महिन्याने गाडी मिळाली. बिलात इंजिन, वायरिंग, ऑइल वगैरे होतं आणि एक ओळ होती: 'इंटिरिअर काढणे, साफ करणे, सुकवणे, परत बसवणे'. बिल इंग्रजीत होतं, मी अर्थ लिहिला. त्या एका ओळीचे साडेनऊ हजार. विम्याने काही दिलं, काही कापलं. माझी तक्रार नव्हती. त्या दिवसांत गाडी चालू झाली हेच पुष्कळ होतं.

पुढे दर पावसाळ्यात गाडीत वास. कुबट, नदीच्या गाळाचा, आपल्या सगळ्यांच्या नाकात बसलेला तोच वास. ड्रायव्हरची सीट पुढे-मागे सरकेना. आणि अधूनमधून डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागायचा, आपोआप विझायचा. सेंटरला विचारलं तर उत्तर एकच: "सर, फ्लडची गाडी आहे, थोडं राहणारच." वर एक परफ्यूमची बाटली विकली. यंदा पुन्हा गेलो तर अंदाजपत्रक दिलं: दोन्ही सीटचे स्लायडर बदला, फ्लोअरचं पूर्ण वायरिंग बदला, छत्तीस हजार. म्हटलं, आधी उघडून तर बघा. तर म्हणे उघडून बघायचे पैसे वेगळे.

मग म्हटलं, उघडून बघायचंच आहे ना, मीच बघतो.

पहिला रविवार: आठांपैकी एक

इथे माझी फजिती आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी शहाणपण शिकवतोय असं वाटायला नको. घरात स्क्रूड्रायव्हर एकच होता, आपण ज्याला 'स्टार' म्हणतो तो. कन्सोलच्या पहिल्याच स्क्रूला तो लावला, पिळला, आणि कर्र आवाज करून घसरला. पुन्हा लावला, पुन्हा घसरला. चौथ्या वेळेला खाच गुळगुळीत गोल झाली. दुसऱ्या स्क्रूचंही तेच. सीटचे बोल्ट चौदाच्या सॉकेटचे. त्यातला एक निघाला, बाकीच्या सातांनी दाद दिली नाही. संध्याकाळी हात थरथरत होते.

शेवटी खेर्डीकडच्या एका मिस्त्रींना फोन केला. माणूस जुना, लुनापासून जीपपर्यंत सगळं उघडलेला. ते आले, वाकून बघितलं, आणि म्हणाले, "भाऊ, तुमचा ड्रायव्हर स्क्रूत बसलाच नाहीये. तो मातीवर बसलाय."

खिशातून दाभणासारखं काहीतरी काढलं आणि न बिघडलेल्या एका स्क्रूच्या खाचेतून माती कोरली. बारीक, राखाडी, घट्ट वाळलेली. पुराची माती. आपण सगळ्यांनी घरातून, दुकानातून, कपाटातून, वह्यांतून पाटीपाटीने काढली तीच. ती खाचेत सिमेंटसारखी बसली होती.

तेव्हा मी फक्त 'अरे, हो की' म्हणालो. त्या मातीचा खरा अर्थ दुसऱ्या रविवारी कळला. तो पुढे सांगतो.

स्क्रू का अडतो

मिस्त्रींनी त्या संध्याकाळी तासभरात जे सांगितलं ते मला कुठल्या शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. ज्यांना करायचं आहे त्यांच्यासाठी लिहितो.

'स्टार' म्हणून आपण जे दिसेल त्यात घुसवतो, ते सगळे एक नसतात. साधा चौफुली स्क्रू तो फिलिप्स. अमेरिकेत १९३० च्या दशकात गाड्यांच्या कारखान्यात तो रूढ झाला. त्याच्या खाचेच्या भिंती उतरत्या असतात, त्यामुळे जोर जास्त झाला की ड्रायव्हर वर उचलला जातो. जपानी पद्धतीचा चौफुली स्क्रू दिसायला तसाच, पण खाचेचा आकार थोडा वेगळा. काहींच्या डोक्यावर बारीक ठिपका असतो. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांची रचना जपानी आहे, त्यामुळे हा स्क्रू आपल्याकडे जागोजागी भेटतो, आणि आपण त्यात फिलिप्स घालून त्याचं डोकं खाऊन टाकतो. तिसरा तो सहा पाकळ्यांचा टॉर्क्स. त्यात पुन्हा एक प्रकार मधोमध टोचणी असलेला, म्हणजे साधा टॉर्क्स आत जाऊच नये. तो मुद्दाम तसा बनवलेला असतो, तुम्ही-आम्ही उघडू नये म्हणून.

शिवाय नंबर. एक, दोन, तीन. दोन नंबरच्या खाचेत एक नंबर घातला तर तो बसल्यासारखा वाटतो, आणि तिथेच घात होतो. ड्रायव्हर खाचेत घालून सोडला तर हलता कामा नये. हलला तर तो त्या स्क्रूचा नाही.

आता काढायची रीत. खाच स्वच्छ करा. गंज सोडवणारं तेल दोन थेंब सोडा आणि रात्रभर थांबा. पाच मिनिटं थांबून काही होत नाही. तेल कार्पेटवर, वायरिंगवर सांडू नका. घाईने पेट्रोल-रॉकेल तर अजिबात नको, बंद गाडीत वाफ कोंडते. दुसऱ्या दिवशी आधी स्क्रू किंचित घट्ट करून बघा. उलटं वाटेल, पण गंजाची पकड एकदा मोडली की तो सुटायला तयार होतो. मग उलटा फिरवा, पाव फेरा मागे, परत थोडा पुढे, परत मागे. सरळ एका दमात पिळलात तर आटे जातात किंवा मान मोडते.

जोर कसा लावायचा? मिस्त्रींचं गणित: सात आणे दाबायला, तीन आणे फिरवायला. मी आयुष्यभर नऊ आणे फिरवत आलो.

खाच गोल झालीच असेल तर ड्रायव्हरच्या टोकाला व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावा, पकड येते. नाहीतर करवतीच्या पात्याने डोक्यावर सरळ चीर पाडा आणि चपट्या ड्रायव्हरने काढा. तेही नाही जमलं तर डोकं ड्रिलने उडवायचं, वरचा भाग निघाला की उरलेला दांडा पकडीने फिरवायचा. बोल्टसाठी लांब दांड्याचा पाना घ्यायचा, सावकाश ताण द्यायचा, झटके नाहीत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे करण्याआधी: बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि काही मिनिटं थांबा. सीटखाली पिवळ्या रंगाचे कनेक्टर दिसले तर ते एअरबॅगचे किंवा सीटबेल्टच्या यंत्रणेचे असतात. त्यांना मीटर लावून बघायचा शहाणपणा करू नका. बऱ्याच गाड्यांत एअरबॅगचा कंट्रोल बॉक्स गिअरच्या आसपास कन्सोलखाली असतो, तिथे हातोडी चालवू नका. हे काम माहीत असलेल्या माणसाचं आहे. मी ते केलं नाही, करून घेतलं.

दुसरा रविवार: अखंड रेघा

तेल सोडून, रात्र थांबून, पुढच्या रविवारी उरलेले बोल्ट एकेक करत निघाले. शेवटच्या दोघांना मिस्त्रींचा चार फुटी पाइप लागला.

बोल्ट फिरवण्याआधी त्यांनी मला थांबवलं. "हे बघा," म्हणाले. सीटच्या पट्टीवरची प्लास्टिकची टोपी काढली की खाली बोल्टचं डोकं दिसतं. माझ्या गाडीत त्या डोक्यावरून खालच्या पत्र्यापर्यंत एक सरळ पिवळी रेघ होती. कारखान्यात बोल्ट योग्य जोराने घट्ट केला की अशी खूण मारायची पद्धत असते. बोल्ट नंतर कुणी फिरवला तर रेघ तुटते, डोक्यावरचा तुकडा एकीकडे आणि पत्र्यावरचा दुसरीकडे.

आम्ही आठही टोप्या उघडून पाहिल्या. काही रेघा फिक्या झाल्या होत्या, काहींवर गंज चढला होता. मी आदल्या रविवारी काढून परत अडकवलेला एक बोल्ट सोडला, तर सातही अखंड.

म्हणजे कारखान्यातून गाडी निघाली त्या दिवसापासून या सीट कुणी काढल्याच नव्हत्या. आणि सीट न काढता कार्पेट निघत नाही. कन्सोलच्या स्क्रूंच्या खाचेत पुराची माती होती, कारण पुरानंतर त्या खाचेत कुणाचा ड्रायव्हर गेलाच नव्हता.

कार्पेट उचललं. खाली फेल्टचा जाड थर, अजून दमट, काळा पडलेला. त्याखाली बोटभर नाही पण नखभर जाडीचा गाळाचा थर, वाळून भेगा पडलेला. पत्र्यावर तीन ठिकाणी गंजाचे फोड. ड्रायव्हरच्या सीटखालच्या पिवळ्या कनेक्टरच्या पिना हिरव्या झालेल्या.

साडेनऊ हजारांची ती ओळ आठवली. 'इंटिरिअर काढणे, साफ करणे, सुकवणे, परत बसवणे.'

पैशाचं सोडा. त्या कनेक्टरमुळे एअरबॅगचा दिवा लागत होता. तो दिवा म्हणजे यंत्रणा सांगत असते की मला खात्री देता येत नाही. याच गाडीतून आम्ही परशुराम घाट उतरलो, कुंभार्ली चढलो, मुलाला परीक्षेला पुण्याला नेलं. आणि मला सांगितलं गेलं, "थोडं राहणारच."

दुसरी बाजू

आता कुणीतरी म्हणेल, तेव्हाची परिस्थिती आठवा. आठवतो. शेकडो गाड्या रांगेत होत्या. तिथे काम करणाऱ्या पोरांच्या स्वतःच्या घरात चिखल होता, काहींनी तर घर साफ करायच्या आधी आमच्या गाड्या हातात घेतल्या. त्या पोरांवर माझा राग नाही. 'साहेब, सीट काढायला वेळ नाही, वरवर पुसून देतो, दोन महिन्यांनी आणा' असं म्हणाले असते तर मी मान डोलावली असती. ओझं होतं म्हणून काम राहिलं, हे समजू शकतो. पण न केलेलं काम बिलात लिहिलं गेलं, हे ओझ्यामुळे होत नाही. ते लिहिणाऱ्याला माहीत असतं की हा माणूस कधी उघडून बघणार नाही.

माझा वाद त्या खात्रीशी आहे.

ती खात्री कशावर उभी आहे बघा. सर्व्हिस सेंटरमध्ये पाटी असते: ग्राहकांना आत प्रवेश नाही. आपण काचेच्या अलीकडे एसीत बसतो, चहा पितो, टीव्ही बघतो. गाडी आत जाते आणि धुऊन बाहेर येते. आत काय झालं याचा पुरावा म्हणजे त्यांनीच छापलेला कागद. बाहेर कुठे उघडली तर 'वॉरंटी जाईल'. कुठला बोल्ट किती घट्ट करायचा हे विचारलं तर 'ती माहिती बाहेर देता येत नाही'. मी विचारलं होतं, म्हणून सांगतोय. सीट परत बसवताना बोल्ट ठरलेल्या जोरानेच घट्ट व्हायला हवा, कारण अपघातात माणसासकट सीट धरून ठेवतो तो तोच बोल्ट. तो आकडा माझ्याच गाडीचा, माझ्याच जिवाचा, आणि मला तो सांगायचा नाही! शेवटी ओळखीतून मिळवला आणि टॉर्क पाना भाड्याने आणून बसवला. आकडा इथे देत नाही, प्रत्येक गाडीचा वेगळा असतो. पण तो मिळवायला ओळख का लागावी?

हे सगळं कधीच ठरलं आहे

बऱ्याच जणांना माहीत नसतं म्हणून सांगतो. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांविरुद्ध आदेश दिला होता. सुटे भाग आणि दुरुस्तीची साधनं बाहेरच्या गॅरेजना न देता बाजार आपल्या मुठीत ठेवल्याबद्दल मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड. कंपन्या अपिलात गेल्या, तो भाग वेगळा. पण आदेशात सांगितलं होतं की सुटे भाग आणि निदानाची साधनं बाहेर मिळतील अशी व्यवस्था करा. आणि हेही, की ग्राहक बाहेरच्या मिस्त्रीकडे गेला म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं, तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टल काढलं. त्यात शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती वस्तू आणि वाहनं असे चार विभाग आहेत. चांगली गोष्ट आहे. पण पोर्टलवर माहिती टाकायची की नाही, किती टाकायची, हे अजून बरंचसं कंपनीच्या मर्जीवर. कायद्याचा दंडुका नाही.

बाहेर काय चाललंय? फ्रान्समध्ये जानेवारी २०२१ पासून मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही, वॉशिंग मशीन अशा वस्तूंवर दुरुस्तीचे गुण छापणं सक्तीचं झालं, दहापैकी किती ते. त्या गुणांत वस्तू उघडायला किती पायऱ्या लागतात, कुठली हत्यारं लागतात, स्क्रू कुठल्या प्रकारचे आहेत, हेसुद्धा धरलं गेलं. म्हणजे साध्या स्क्रूचा विचार तिथे सरकारी कागदावर झाला. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ मध्येच लोकांनी मतदान करून गाड्यांच्या दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना द्यायला लावली. तिथले लोक काही फार हुशार नाहीत. त्यांनी मागितलं, एवढंच.

कायदा दोन वर्षांचा, स्क्रू चार वर्षांचा

मी सर्व्हिस सेंटरला फोटो घेऊन गेलो. रेघांचे, गाळाचे, हिरव्या पिनांचे. समोरच्याने सगळे फोटो शांतपणे पाहिले आणि म्हणाला, "सर, तेव्हाचे मॅनेजर आता नाहीत. आणि एवढ्या वर्षांनी..."

तो चुकीचं बोलला नाही, हीच तर गोम आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत करायची. उशिराला सबळ कारण असेल तर आयोग तो माफ करू शकतो, पण ते पटवावं लागतं. मी प्रयत्न करणार आहे. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करून झालाय. अर्जाच्या कामाला लागलोय. बघू.

पण विचार करा. माझा पुरावा चार वर्षं आठ बोल्टांखाली बंद होता. ज्याने काम केलं नाही, त्याचाच बोल्ट त्याच्या बाजूने साक्षीदार होऊन गप्प बसला. आणि मी, बोल्ट पिळणं हे आपलं काम नाही असं मानणारा सुशिक्षित माणूस, मुदत संपेपर्यंत काचेअलीकडे चहा पीत बसलो.

यात माझाही दोष आहे, तो मान्य करतो. आपल्याकडे हाताला ग्रीस लागलं की माणसाची पत उतरते असं आपण कधी बोलत नाही, पण वागतो तसंच. मुलाने घरी पंखा उघडला की ओरडतो, 'मिस्त्रीला बोलाव ना!' आणि मिस्त्री आला की त्याच्याशी शंभर रुपयांवरून घासाघीस करतो. साडेनऊ हजारांच्या छापील ओळीवर मात्र मुकाट सही करतो. त्या रविवारी मिस्त्रींनी मला घासाघीस करायची लाज वाटायला लावली. सात बोल्ट काढायला काय लागतं हे हातांना कळल्यावर मजुरीचा भाव करायला तोंड उघडत नाही. त्यामुळे 'लोक स्वतः करायला लागले तर मेकॅनिकांच्या पोटावर पाय येईल' हे मला पटत नाही. उलट, ज्याने एकदा स्वतः उघडलं त्यालाच चांगल्या हाताची किंमत कळते.

आणि 'सामान्य माणसाने हात लावला तर धोका आहे' याचं काय? आहेच धोका, एअरबॅगमध्ये, ब्रेकमध्ये आहे. म्हणूनच तर माहिती हवी. लपवून ठेवल्याने धोका कमी झाला असता तर माझ्या सीटखालच्या पिना हिरव्या झाल्या नसत्या.

मागणं काय आहे

फार मोठं नाही. एक, पुराच्या गाडीचं इंटिरिअर काढल्याचं बिल लावायचं असेल तर सीट बाहेर आणि कार्पेट उचललेलं असतानाचा फोटो बिलाला जोडा. प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, खर्च शून्य. दोन, काढलेले जुने भाग, तुटलेल्या क्लिपा, गंजलेले स्क्रू ग्राहकाला परत द्या. तीन, काम चालू असताना गाडीच्या मालकाला लांबून तरी बघू द्या. चार, टॉर्कचे आकडे आणि वायरिंगचे नकाशे वाजवी किमतीत कुणालाही विकत मिळू द्या, मला आणि खेर्डीच्या मिस्त्रींनासुद्धा. पाच, आपल्या आयटीआयने दर मे महिन्यात दोन दिवसांचा वर्ग ठेवावा: गाडीची सीट कशी काढायची, अडलेला स्क्रू कसा सोडवायचा, पुराचं पाणी शिरलं तर पहिल्या दोन दिवसांत काय करायचं. आपल्या गावाला याची गरज नाही असं वाशिष्ठीच्या काठावर कोण म्हणेल?

तोवर एवढं करा. पुराच्या वर्षीची गाडी असेल किंवा त्यानंतर जुनी घेतली असेल, तर सीटच्या पट्टीवरच्या प्लास्टिकच्या टोप्या उचका. नखाने निघतात, हत्यार लागत नाही. बोल्टच्या डोक्यावर गाळ आहे का बघा. रेघ असेल तर तुटली आहे की अखंड ते बघा. रेघ सगळ्याच गाड्यांना नसते, पण गाळ खोटं बोलत नाही. कार्पेटचा कोपरा दाराच्या बाजूने थोडा उचला आणि फेल्टला हात लावा. फोटो काढा, तारीख राहील असा. एअरबॅगचा दिवा लागत-विझत असेल तर 'थोडं राहणारच' हे उत्तर घेऊन घरी येऊ नका.

माझी गाडी आता उन्हात उभी आहे. सीट बसल्या, कनेक्टर बदलला, दिवा विझला तो विझलाच आहे. फेल्ट नवीन टाकलं. सगळं मिळून अंदाजपत्रकाच्या पाव खर्चात झालं आणि ड्रायव्हरची सीट एका बोटाने सरकते. गाळ मी एका पिशवीत भरून ठेवलाय, आयोगासमोर न्यायला.

ज्यांना तसंच काही सापडेल त्यांनी खाली फोटो टाका. गावातल्या दहा जणांचे फोटो एकत्र आले तर 'एवढ्या वर्षांनी' हे उत्तर द्यायला समोरच्याची जीभ जरा अडखळेल. पोस्ट शेअर करा, कॉपी करा, माझं नाव नाही टाकलं तरी चालेल. आणि गोल झालेल्या स्क्रूवर कुणाकडे याहून चांगला उपाय असेल तर तोही लिहा. कन्सोलचा एक अजून तसाच आहे.